छर्‍यांनी केलेलं घर

सकाळी नवरा मोटारसायकल घेऊन निघाला की मी आणि सासू अंगणात उभ्या राहून कान द्यायचो. गाव उंचावर होतं. वेशीतून बाहेर पडलं की रस्ता सरळ ओढ्याकडे उतरत जायचा आणि घरामागच्या बाभळींमुळे त्यातलं काही दिसायचं नाही. उतार लागला की इंजिनाचा आवाज बारीक व्हायचा आणि हँडलला दोन्ही बाजूंनी लटकवलेले पत्र्याचे रिकामे डबे वाजायला लागायचे. आधी एखादा ठोका, मग सलग तडतड, आत कोणी कोंडलेलं असावं आणि ते दोन्ही हातांनी पत्रा बडवत असावं तशी. ती थांबेपर्यंत सासू तोंडातून शब्द काढायची नाही आणि मीही नाही. पलीकडच्या चढावर गाडी चढल्याचा आवाज आला की ती म्हणायची, "गेलं माझं लेकरू." मग आम्ही दोघी आपापल्या कामाला लागायचो.

माझ्या लग्नाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. माहेर नांदेडचं. वडिलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं आणि आम्ही त्याच्याच मागच्या खोलीत राहायचो, त्यामुळे मला स्वयंपाकाआधी पंक्चर काढता येत होतं. सासर मुखेड तालुक्यातलं, उदगीरच्या रस्त्याला लागून. सासऱ्यांचं घरातच किराणा दुकान. सासूला मी आत्या म्हणायची आणि सासऱ्यांना मामा. नवरा सरकारी गुरांच्या दवाखान्यात ड्रेसर होता, म्हणजे जनावरांच्या जखमा धुणं, सुया टोचणं, डॉक्टर नसतील तेव्हा डॉक्टर होणं.

लातूर जिल्हा नवीन झाला तेव्हा तिकडच्या कचेऱ्यांना माणसं हवी होती. ह्यांची बदली तिकडे झाली. पाठोपाठ पावसानं दडी मारली आणि देवणीच्या वाटेवर जनावरांची छावणी उघडली. ह्यांना तिथं रोज जाणं भाग होतं. आमच्या गावातले आड आटले होते, टँकर आला तर यायचा. छावणीवर मात्र बोअरला पाणी होतं. म्हणून सासूनं दुकानातले तेलाचे रिकामे डबे घासूनपुसून दिले. दोन हँडलला, दोन मागे. सकाळी ते रिकामे जायचे, संध्याकाळी भरून यायचे. त्या चार डब्यांवर आमचं घर चालायचं.

एका आठवडी बाजाराला मी ह्यांच्या मागे बसून मुखेडला गेले. नवी सून म्हणून एका हातानं पदर धरलेला, दुसरा हात ह्यांच्या पाठीवर. ब्रेक दाबला की पुढून कुठून तरी खट् असा आवाज यायचा आणि तोच ठोका ह्यांच्या पाठीतून माझ्या तळहाताला लागायचा. मी त्यांना म्हटलं, "ऐकू आलं का?" ते म्हणाले, "गाडी हाय, वाजणारच." पण हा आवाज माझ्या ओळखीचा होता. माझं निम्मं बालपण त्याच्या शेजारी गेलं होतं.

घरी आल्यावर मी गाडी डबल स्टँडवर लावायला लावली आणि ह्यांना मागच्या सीटवर बसवलं, म्हणजे पुढचं चाक उचललं गेलं. मग पुढे उकिडवी बसून चाकाच्या दोन्ही बाजूंचे लोखंडी पाय खालून धरले आणि मागे-पुढे हलवले. वरती मानेत खटखट झाली. नंतर उठून हँडल दोन बोटांनी अगदी सावकाश फिरवलं. डावीकडून येताना ते हलकं आलं आणि बरोबर मधोमध येऊन बसलं. पुढे ढकलायला जोर लावावा लागला. उजवीकडून आणलं तरी तिथंच येऊन बसलं.

हँडलच्या मानेत वर एक आणि खाली एक अशा लोखंडी कटोऱ्या असतात. त्यांत पोलादी छर्रे असतात आणि त्या छर्‍यांवर हँडल फिरतं. गाडी सरळ चालली की छर्रे एकाच जागी उभे राहतात. वरून वजन आलं आणि खालून रस्ता खड्ड्यांचा असला, की ते उभ्या जागी ठोके खात कटोरीला बारीक खळगे पाडतात. मग त्या खळग्यांतून त्यांना बाहेर यावंसं वाटत नाही. आमच्या दुकानात ह्याला एकच शब्द होता. छर्‍यांनी घर केलं, असं वडील म्हणायचे.

सासू उंबऱ्यात उभी राहून सगळं बघत होती. सून मोटारसायकलला मिठी मारून बसलेली तिला काही बरं दिसत नसावं.

"काय झालंय गं तिला?" तिनं विचारलं.

"आत घर केलंय त्यांनी, आत्या," मी म्हटलं. "आता आपणहून निघायचे नाहीत. काढूनच टाकावं लागेल."

"कवापासून?"

"हे पाण्याचे डबे लटकवायला लागलो ना, तेव्हापासून."

"वढ्याजवळ लई होतंय का?"

"उतारावर जास्तच होणार."

सासूचा चेहरा उतरला. मला वाटलं, चला, ह्या घरात एका माणसाला तरी गाडीचं दुखणं कळलं. मला खरंच बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हँडलला काळ्या दोऱ्यात ओवलेलं लिंबू बांधलेलं होतं.

ओढ्यात, जिथं रस्ता डावीकडे वळून फरशीच्या पुलावर चढायचा, तिथं शेंदूर फासलेले सात दगड होते. त्या आसरा. पाण्यातल्या बाया, एकट्यादुकट्याला आत ओढतात म्हणून बायाबापड्या त्यांना हिरव्या बांगड्या आणि दहीभात ठेवायच्या. ओढा कोरडा पडला तेव्हापासून त्यांच्याकडे कोणी फिरकत नव्हतं. आणि आता आमच्या सासूनं दुपारपर्यंत गावभर केलं की आसरांनी आमच्या गाडीत घर केलंय, आणि हे दुसऱ्या कोणी सांगितलं नाही, नांदेडच्या शिकलेल्या सुनेनं हात लावून सांगितलं.

गावाला ते तंतोतंत पटलं. पटण्यासारखंच होतं. सकाळी डबे रिकामे असतात तेव्हा गाडीच्या अंगात येतं, संध्याकाळी डबे भरून आणले की ती गरीब गाईसारखी चढ चढते. म्हणजे त्यांना तहान लागलीय, ह्यात शंका ती काय राहिली? सासूनं हुकूम सोडला की रोज संध्याकाळी येताना डब्यातलं लोटाभर पाणी दगडांवर घालूनच पुढे यायचं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. भांडी राखेनं घासून आम्ही फडक्यानं पुसत होतो, धुणं चार दिवसांनी, तांदूळ धुतलेलं पाणी म्हशीला. आणि लोटाभर पाणी दगडांना! मी सासूला मागच्या दारी गाठलं. "आत्या, मी छर्‍यांचं बोलत होते. हँडलातल्या."

"बरं केलंस त्यांचं नाव न्हाई घेतलंस ते," सासू कुजबुजली. "आता बी घिऊ नको."

सासऱ्यांना वेगळाच राग आला होता. लिंगायताचं घर, गळ्यात चांदीच्या डबीत लिंग. रोज ते तळहातावर घेऊन पूजा केल्याशिवाय ते पाण्याचा घोटही घ्यायचे नाहीत. चिडले की ते कानडीत शिरायचे. लिंबू बघून त्यांनी "बेडा, बेडा!" असा ओरडा केला, म्हणजे नको, नको. "गळ्यात देव हाय तुमच्या, आन हँडलला लिंबू लटकावता? लाज हाय का न्हाई?" पण लिंबू सोडायला ते स्वतःही पुढे झाले नाहीत. मुलाचा जीव त्याच हँडलवर होता.

हे दोघांनाही हसायचे आणि मलाही. एका संध्याकाळी ते मुखेडच्या मिस्त्रीकडून हँडलचं नट आवळून घेऊन आले. "घे," ते म्हणाले, "झालं तुझं समाधान?" ब्रेक दाबून दाखवला. खट् असा आवाज आला नाही. दुसऱ्या दिवशी उतारावर डबेही फारसे वाजले नाहीत. सासूनं माझ्याकडे बघितलं. लोटाभर पाण्याचा गुण आला होता ना.

मी दुपारपासून वाट बघत बसले. ते आल्याबरोबर डबे उतरवले आणि हँडल धरलं. आधी ते मधोमध बसत होतं, पण ढिलं असल्यामुळे हलत तरी होतं. आता नट आवळल्यामुळे छर्रे आपल्या घरात गच्च दाबले गेले होते. वळवायला जावं तर हँडल आधी जागचं हलायचंच नाही, आणि मग जोर लावला की एकदम सुटायचं. सरळ रस्त्यावर ते झकास चाललं असतं. वळणावर चाललं नसतं.

"आधीचं बरं होतं," मी म्हटलं. "आधी निदान थरथरून सांगत होतं. आता ही गाडी वळायची नाही."

"आवाज बंद झाला, थरथर बंद झाली, तरी तू फिकीर करून राहिलीस," ते म्हणाले. "माहेरी सायकली खोलल्यास, म्हणून आता माझी गाडी खोलतीस का?"

"नका जाऊ दोन दिवस."

"छावणीत जनावरं माझी वाट बघत बसलेत. आन पानी कोण आणंल? तुझा बाप नांदेडहून?"

मी त्या रात्री जेवले नाही. रागानं नाही, घास उतरेना म्हणून. त्यांना बाप काढल्याचं वाईट वाटलं असावं, कारण सकाळी निघताना ते माझ्याकडे बघून उगाच हसले. त्या सकाळी डबे अजिबात वाजले नाहीत, आणि मला त्या शांततेची जेवढी भीती वाटली तेवढी तडतडीची कधी वाटली नव्हती. सासू निवांत आत गेली. मी एकटी बाभळींकडे तोंड करून उभी राहिले, गाडी चढाला लागेपर्यंत.

त्याच दिवशी मी मुखेडला जाणाऱ्या शेजारणीबरोबर नांदेडच्या एसटीच्या कंडक्टरला निरोप धाडला. तो माझ्या वडिलांच्या दुकानाशेजारीच राहायचा. निरोप एवढाच, की गाडी अमुक अशी आहे, छर्‍यांनी घर केलंय, कोनसेट पाठवा. कोनसेट म्हणजे दोन्ही कटोऱ्या, त्यांचे जोडीदार कोन आणि नवे छर्रे, सगळं एकत्र. बाकी काही सांगायची गरज नव्हती. घर केलंय एवढं ऐकून वडील हातातलं काम टाकून उठणार, हे मला माहीत होतं.

पण वस्तू काही लगेच येत नव्हती. नांदेडच्या दुकानात मिळाली नाही, वडील कुठून तरी मागवतायत, असा उलटा निरोप आला. आणि इकडे रस्त्यावर खडी पुढे सरकत होती.

नवा जिल्हा झाल्यामुळे उदगीरकडून आमचा रस्ता रुंद करायचं निघालं होतं आणि दुष्काळात हाताला काम हवं म्हणून ते काम खडी फोडणाऱ्या माणसांना दिलं होतं. बाया-माणसं उन्हात बसून काळा दगड फोडायची आणि ट्रॅक्टर ती खडी रस्त्याच्या कडेनं ढिगाढिगानं टाकत यायचा. संध्याकाळी चहा पिताना हे कौतुकानं सांगायचे, आज खडी फाट्यापर्यंत आली. आज शाळेच्या पुढे आली. आज पलीकडच्या चढावर आली. सासरे खूश व्हायचे, रस्ता झाला की दुकान चालेल म्हणून. मी चहाचं भांडं घासत बसायची आणि मनात तो रस्ता चालत जायची. पलीकडचा चढ, मग फरशी, मग वळण. वळणाला समोर काय आहे? समोर ओढ्याची मऊ वाळू आहे. अजून तरी वाळूच आहे.

आणि मग ते वाळूत गेले.

सकाळी गाडी उताराला लागली, डबे गप्प, आणि मग एकदम सगळेच डबे एकदा मोठ्यानं वाजले. पुढे काहीच नाही. सासूनं माझा दंड धरला. आम्ही पळत सुटणार इतक्यात पलीकडून इंजिन पुन्हा सुरू झाल्याचं ऐकू आलं. संध्याकाळी ते आले तेव्हा कोपर खरचटलेलं होतं आणि शर्टात वाळू होती.

"वळणावर वळलंच न्हाई," ते म्हणाले. ते हसत नव्हते. "मी वळवून राहिलो आणि ती सरळच चालली. कुणीतरी धरल्यावाणी."

"ओढलं," सासू म्हणाली आणि खालीच बसली. "लोटाभर पान्यानं काय होतंय त्यांचं? डबाभर घाला. सगळं घाला."

कुणीतरी धरलं होतं हे खरंच होतं. ज्यांनी धरलं ते मला माहीत होते, त्यांची घरं कुठं आहेत तेही माहीत होतं, आणि माझं कोणी ऐकत नव्हतं. मी भिंतीला डोकं टेकवून रडले. सगळ्यांसमोर, चुलीपुढे. त्या घरात मी पहिल्यांदाच रडत होते, त्यामुळे कोणाला काय करावं सुचेना.

रविवारी कंडक्टरनं वडिलांचं पुडकं मुखेडच्या स्टँडवर उतरवलं आणि शेजारीण ते घेऊन आली. जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेलं, ग्रीसचा डाग बाहेरपर्यंत आलेला. मी ते दुकानात सासऱ्यांच्या पुढ्यात नेऊन ठेवलं. नवरा, सासू, गाव, सगळ्यांना वळसा घालून.

"मामा," मी म्हटलं, "गाडीची मान खोलायची आहे. एक दिवस पाहिजे."

त्यांनी पुडक्याकडे बघितलं. मग गळ्यातल्या डबीवर हात ठेवला. "उद्या सोमवार," ते मोठ्यानं म्हणाले, आत ऐकू जाईल असं. "सोमवारी आपण बैल जुंपत न्हाई. नंदीचा वार. मग ही फटफटी काहून जुंपायची? ती बी जनावरच. उभी ऱ्हाऊ द्या उद्या."

नवरा म्हणाला, मी तर दर सोमवारी जातो. सासरे म्हणाले, चुकीचं करतोस. छावणीवर टँकरवाल्याबरोबर निरोप गेला, आणि सोमवारी गाडी अंगणात उभी राहिली.

इंजिनाखाली लाकडाचा ठोकळा दिला, पुढचं चाक अधांतरी. दिवा काढला, हँडल सोडवून तारांसकट टाकीवर पोतं टाकून त्यावर निजवलं. सासू तुळशीपाशी हळदीकुंकवाची वाटी घेऊन उभी होती, जवळ यायला तयार नव्हती. वरचं मोठं नट मी पान्यानं सैल केलं. नवऱ्यानं चाक धरलं. मी मानेखाली पांढरं फडकं अंथरलं. आता शेवटचं नट राहिलं. सासरे दुकान सोडून बाहेर येऊन बसले होते.

"उघड माय," ते म्हणाले. "बघू तर खरं कोन बसलंय आत."

नट सुटलं. नवऱ्यानं चाक खाली घेतलं आणि मानेतून छर्रे फडक्यावर टपटप पडले. सासू किंचाळून मागे सरली. तिच्या मनानं जे धरलं होतं ते खरंच बाहेर पडत होतं, तेही तिच्या डोळ्यांदेखत. काही छर्रे तांबडे झाले होते, काही एका बाजूनं घासले गेले होते. ग्रीस म्हणून जे होतं त्याची वाळून माती झाली होती. बोट लावलं की भुगा पडायचा.

मी सासूला हाताला धरून खाली बसवलं आणि तिचं बोट खालच्या कटोरीत फिरवलं. खळगे डोळ्यांना फारसे दिसत नव्हते, पण बोटाला लागायचे, एकाशेजारी एक. "ही बघा घरं," मी म्हटलं.

तिनं बोट दोनदा फिरवलं. मग एक छर्रा उचलून पदरानं पुसला आणि उन्हात धरला. "तहानलेलेच हायेत की गं," ती म्हणाली. "एवढं वजन डोक्यावर, आन तेलाचा थेंब न्हाई."

तिच्या बोलण्यात काहीच खोटं नव्हतं.

जुन्या कटोऱ्या काढायला वेळ लागला. आतून लांब सळई घालून एकदा ह्या कडेला, एकदा त्या कडेला असं ठोकत जायचं, एकाच बाजूला ठोकलं तर कटोरी तिरपी होऊन अडकते. नवऱ्यानं एकदा जोर केला तेव्हा मी त्यांच्यावर ओरडले. ते निमूट ऐकून घेऊ लागले होते. नवी कटोरी बसवताना तिच्यावर जुनीच उलटी धरली आणि त्या जुनीवर ठोकत गेले. ठोक्याचा आवाज पोकळ होता तो भरीव झाला, तेव्हा थांबले. मग बोटभर ग्रीस आणि त्यात एकेक छर्रा. हे काम सासूनं माझ्या हातातून घेतलं. करंजीला मुरड घालणारी तिची बोटं, माझ्यापेक्षा सुबक चालली.

"आता एकाची जागा उरली," ती म्हणाली. "अजून एक दे."

"नाही आत्या. एकाची जागा मोकळी ठेवायची असते. गच्च भरले तर फिरतील कुठं?"

तिनं त्या मोकळ्या जागेवरून बोट फिरवलं. "बरं," एवढंच म्हणाली.

शेवटी नट. आधी चांगलं आवळून सगळं बसवून घेतलं, मग थोडं थोडं सैल करत गेले. ढिलं राहिलं की पुन्हा ठोके, आवळलं की पुन्हा तेच मरण. खालून पाय हलवून बघितले, खटखट नाही. हँडल चढवून सरळ धरलं आणि सोडून दिलं. ते आपल्या वजनानं अलगद डावीकडे पडलं. उजवीकडे सोडलं, उजवीकडे पडलं. मधे कुठंच थांबलं नाही. नवऱ्यानं ते पाचसहा वेळा स्वतः करून बघितलं. सासऱ्यांनी उठून लिंबाचा दोरा तोडला.

मंगळवारी सकाळी डबे लटकवले, गाडी निघाली आणि आम्ही दोघी अंगणात येऊन उभ्या राहिलो. उतार लागला. इंजिन बारीक झालं. डबे साधेच हलल्यासारखे वाजत होते. मी श्वास सोडला. आणि त्याच वेळी खाली कचकन ब्रेक लागला, डबे एकमेकांवर आदळले आणि इंजिन बंद पडलं.

आम्ही थांबलो. चढाचा आवाज येईल म्हणून थांबलो. आला नाही.

मी अनवाणी पळाले. मागे सासू धापा टाकत येत होती. उतारावर माझ्या डोक्यात एकच होतं, की मी खोललं, मी बसवलं, माझ्या हातानं. कुठलं नट राहिलं? कुठं चुकलं? त्या उतारावर मी आसरांनासुद्धा हाक मारली. मला त्याची लाज वाटत नाही.

वळणावर समोर वाळू दिसत नव्हती. तिथं खडीचा ढीग होता, माझ्या छातीएवढा, ताज्या फोडलेल्या काळ्या दगडांचा, धारा अजून चमकत होत्या. सोमवारी ट्रॅक्टरनं ओतला होता. सोमवारी हे रस्त्यावर नव्हते, त्यामुळे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. उतारावरून तो दिसायचा नाही, वळणावर आल्यावरच समोर यायचा. आठवड्यापूर्वी गाडी जिथून सरळ वाळूत गेली होती, बरोबर तिथं.

मातीत चाकाची रेघ ढिगाकडे आली होती आणि ढिगापासून हातभर अंतरावर डावीकडे वळून फरशीवर गेली होती. तिच्या टोकाला हे उभे होते. गाडी दोन पायांत, दोन्ही हात हँडलवर. मी जवळ गेले तरी त्यांनी हात काढले नाहीत. मी त्यांची बोटं एकेक करून सोडवली. ती थंड पडली होती.

"वळलं," ते म्हणाले. पुन्हा म्हणाले, "अगं, वळलं ते."

मला त्यांना मिठी मारायची होती. सासू समोर होती म्हणून मी हँडल धरून उभी राहिले.

सासूच्या हातात लोटा होता. पळताना तिनं तो कधी उचलला मला माहीत नाही. निम्मं पाणी वाटेत सांडलं होतं, उरलेलं पिण्याचं होतं, घरात संध्याकाळपर्यंत दुसरं नव्हतं. ती खडीला वळसा घालून त्या सात दगडांपाशी गेली. मला वाटलं ओतणार. पण ती थांबली आणि लोटा माझ्यापुढे धरला. मला वाटलं, मी पळत आले म्हणून प्यायला देतेय.

"पिऊ नको. घाल," ती म्हणाली. "तूच काढलंस ना त्यान्ला घरातनं भाईर."

मी लोटा घेतला. छर्रे कशाचे असतात, खळगे कसे पडतात, सगळं मला ठाऊक होतं. घरी फडक्यात बांधून ठेवले होते मी ते जुने छर्रे. तरी मी शेवटच्या थेंबापर्यंत पाणी त्या दगडांवर घातलं. कोरड्या मातीनं ते लगेच पिऊन टाकलं.